उष्टी भाकर

आमच्या बाबांनी आयुष्यात एकच गोष्ट जीव लावून शिकवली, आणि ती मला नाही, कुत्र्याला. मला त्यांनी शाळेत घातलं, शाळेनं जे काय शिकवायचं ते शिकवलं, आणि मी अमरावतीत मास्तर होऊन बसलो. भुऱ्याला मात्र त्यांनी स्वतः शिकवलं. तो माझ्यापेक्षा पक्का निघाला.

शिकवण साधी होती. पातूरजवळच्या आमच्या वावरात वेचणीच्या दिवसांत कापसाच्या चोऱ्या होत. चोर यायच्या आधी कुत्र्याला विषाचा तुकडा टाकत. बाबांचा आधीचा कुत्रा तसाच गेला. म्हणून भुऱ्या पिल्लू असतानाच बाबांनी ठरवलं की ह्यानं परक्याच्या हातचं खायचं नाही. ज्वारीची भाकर बाबा आधी स्वतः दातानं तोडत, चावून गिळत, आणि मग उरलेली त्याच्यापुढे टाकत. मालकानं खाल्लं तेच खायचं, बाकी सगळं विष. आणि बाकीच्यांनी त्याला द्यायची ती पोटात मिरचीचा ठेचा भरलेली भाकर. सुटीत मी घरी गेलो की हे काम माझ्याकडे असे. पिल्लू शेपटी हलवत यायचं, तोंड घालायचं आणि केकाटत पळायचं. बाबा हसत नसत. "आणखीन एकदा दे," म्हणत. मी देत असे.

ह्यापायी बाबा वावर सोडून कुठे मुक्कामाला राहिनासे झाले. माझं लग्न बार्शीटाकळीला झालं, तर अक्षता पडल्या आणि हा मुलाचा बाप संध्याकाळच्या आत निघून गेला. "कुत्र्याले कोन देईन?" एवढंच म्हणाले. सासरकडच्यांनी तो अपमान धरला, आणि खरं सांगायचं तर मीही धरला.

बासष्ट साली, ऐन वेचणीत, बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं आणि वाचा बसली. मी त्यांना अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. दोन दिवसांनी आमचा सालदार नत्थुजी मालाच्या ट्रकवर बसून आला, आणि त्याच्या हातात दोरी, दोरीला भुऱ्या.

"हे घ्या तुमचं," नत्थुजी म्हणाला. "आमच्या हातचं शिवत नाई. तिथंच मेला असता तं मालक मले काय म्हनले असते?"

"मग मी काय करू?" मी म्हणालो.

"तुमी शिकलेले आहा," म्हणाला, आणि निघून गेला.

आमची अंबागेटच्या आत एक खोली. घरमालकानं पायरीवरच सांगितलं, कुत्रं आत आलं तर बिऱ्हाड बाहेर जाईल. दिवसा मी शाळेत, माझी बायको ललिता आणि आत्या गोदाबाई आळीपाळीनं दवाखान्यात. भुऱ्याला ठेवायचं कुठे? पैसे देऊन कुत्रं सांभाळायला ठेवतात हे ऐकून आत्यानं कपाळावर हात मारला. म्हणाली, "माणसाले कोनी विचारत नाई, आन कुत्र्याचं बोर्डिंग पाहून राहिला!"

पण मी पाहिलंच, त्याच दिवशी, दोरी हातात धरून. गोरक्षणवाल्यांनी गाय असेल तर आणा म्हणून सांगितलं. कॅम्पात एक पेन्शनर गृहस्थ साहेबलोकांची कुत्री ठेवत. त्यांनी भुऱ्याला फाटकाबाहेरूनच पाहिलं आणि विचारलं, "जात कोणती?" मी म्हणालो, "कुणबी." त्यांनी फाटक लावून घेतलं. चूक माझीच होती, पण तेवढंच त्या आठवड्यातलं हसू.

शेवटी राजापेठेच्या टोकाला डोमाजीचा पत्ता लागला. डोमाजी आधी फौजेत घोड्या-खेचरांच्या दवाखान्यात होता, मग इथल्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर झाला. आता पेन्शन घेऊन घराच्या मागं सहा खोल्या काढल्या होत्या. वर पत्रा, बाजूंना बांबूच्या तट्ट्या, पुढे जाळीचं दार, प्रत्येक दारावर डांबरानं आकडा. सकाळचं ऊन थेट आत येई. पाण्याची गाडगी घासलेली. दौऱ्यावर जाणारे अंमलदार आपली कुत्री त्याच्याकडे ठेवत. ओसरीत बुद्धाची तसबीर, आणि खाली खिळ्याला एक वही टांगलेली. त्यानं भुऱ्याचे दात पाहिले, कान पाहिले, आणि गावठी म्हणून नाक मुरडलं नाही. मला तो माणूस तिथंच आवडला.

मग त्यानं वही काढली आणि विचारायला लागला. काय खाते? किती वेळा? कशाले भेते? कोन्या शब्दानं थांबते? शेवटी पेन्सिल थांबवून म्हणाला, "कोनाच्या हातचं खाते?"

आता इथं मी खोटं बोललो. कॅम्पातलं फाटक माझ्या डोळ्यांपुढे होतं. हे सांगितलं तर हाही नाही म्हणेल, आणि मग मी हे जनावर घेऊन अमरावतीभर कुठे फिरू? आणि मला वाटलं, पोटात आग पडली की शिकवण कुठली टिकते. माणसाची टिकत नाही, कुत्र्याची काय टिकणार.

"कोणाच्याही," मी म्हणालो.

त्यानं वहीत लिहिलं, कोनाच्याबी.

डोमाजीचा नियम होता की पहिले तीन दिवस मालकानं तोंड दाखवायचं नाही, म्हणजे कुत्रं रुळतं. मी तीन दिवस गेलो नाही. दवाखान्यात बाबांना चमच्यानं पेज चालली होती, आणि निम्मी पेज गालावरून उशीत जात होती. बोलता येत नव्हतं तरी डोळे माझ्यामागे फिरत. मला कळत होतं ते काय विचारताहेत. मी म्हणायचो, "मजेत आहे. खातो. दोन-दोन भाकरी खातो." हे ऐकून ते तोंड भिंतीकडे करायचे. मला वाटलं थकले. नंतर उमगलं. खातो म्हटल्यावर, तो कुत्रा एक तर त्यांचा राहिला नव्हता, नाही तर मी थापा मारत होतो.

चौथ्या दिवशी डोमाजी स्वतः शाळेत आला. वर्ग चालू होता. तो दारात उभा राहिला, हात जोडले नाहीत, काही नाही.

"मास्तर, तुमी मले खोटं काहून सांगतलं?"

पोरं माझ्याकडे पाहत होती. मी बाहेर आलो.

"भाकर ठेवली, दूध ठेवलं, मटन ठेवलं," डोमाजी म्हणाला. "वास घेते आन मांघं सरते. काल दूध रबराच्या नळीनं तोंडात सोडलं, तं सारं ओकून टाकलं. तीस वर्सं झाली मले जनावरं पायता पायता. भुकेनं मरनारं कुत्रं पायलं, पन समोर ठेवलं असून मरनारं नाई पायलं. आता खरं सांगा."

मी खरं सांगितलं. मिरचीच्या भाकरीसकट. व्हरांड्यात उभं राहून, एका मास्तरनं, आपल्या पोरांच्या कानावर जाईल अशा आवाजात. 

"मंग बापाकडून उष्टी भाकर आना," डोमाजी म्हणाला. "पन एक आयका. आमी उष्टं शिवनं सोडून सा वर्सं झाली. माह्या अंगनात मी ते हातात घेनार नाई, माह्या घरातलं कोनी घेनार नाई. रोज तुमीच आनाचं आन तुमीच ठेवाचं."

"आणीन," मी म्हणालो. 

संध्याकाळी मी भाकर घेऊन बाबांकडे गेलो. सगळं सांगितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा ते माझ्याकडे नीट पाहत होते. डाव्या हातानं त्यांनी भाकर ओढून घेतली आणि तोंडाशी नेली. जबडा हलेना. वरचे दात खालच्या दातांना भेटेनात. लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरली. त्यांनी पुन्हा नेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. नर्स धावत आली, घशात अडकलं तर कोण जबाबदार म्हणून मला बोलली. बाबांनी भाकर सोडली नाही. पाऊण तास गेला तेव्हा काठावर चार दातांची खूण उमटली, आणि कणभर तुकडा त्यांनी खरोखर गिळला.

मी ती भाकर सायकलवरून राजापेठेला नेली. डोमाजीनं जाळीचं दार उघडलं आणि स्वतः दूर जाऊन उभा राहिला. भुऱ्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी भाकर जमिनीवर ठेवली आणि मागं सरलो. त्यानं दातांच्या खुणेपाशी नाक नेलं आणि तिथंच ठेवलं. मग तो इतक्या हावरेपणानं खायला लागला की मला पाहवेना. मी डोमाजीच्या ओसरीत बसून रडलो. डोमाजी म्हणाला, "पानी पेता?" मी प्यालो.

त्यानंतर अकरा दिवस हे चाललं. सकाळी ललिता भाकर करून देई, मी ती दवाखान्यात नेई. बाबा उशीला टेकून वाटच पाहत असत. ते त्यांचं दिवसाचं काम होतं. पेज पाजताना तोंड न उघडणारा हा माणूस भाकरीसाठी तोंड उघडत होता. डॉक्टर एकदा म्हणाले, "यांना जगायची इच्छा दिसते." आत्या म्हणाली, "जगाची नाई, कुत्र्याची." मी तिच्यावर ओरडलो, पण तिचं खरं होतं. रोज खूण थोडी उथळ होत होती. आठव्या दिवसापासून दात लागतच नव्हते, नुसता ओठांचा ओलावा लागायचा. भुऱ्याला तेवढं पुरत होतं.

डोमाजीनं त्या दिवसांत खूप खटपट केली. माझ्या हातून उष्टी भाकर, मग निम्मी उष्टी आणि निम्मी साधी, मग साधी भाकर उष्टीत गुंडाळून. भुऱ्या साधी वेगळी काढून ठेवायचा. डोमाजीनं वहीतली 'कोनाच्याबी' ही ओळ खोडली आणि तिथं काही लिहिलं नाही.

बाराव्या दिवशी मी सकाळी आठला भाकर घेऊन वॉर्डात शिरलो, तर पलंगाभोवती पडदा लावला होता. आत्या जमिनीवर बसली होती. बाबा दहा मिनिटांपूर्वी गेले होते. अंग अजून गरम होतं.

आता मी जे केलं ते मी आजवर ललितालाही सांगितलेलं नाही. मी डबा उघडला. भाकर बाबांच्या ओठांना लावली. ओठ ओले नव्हते, म्हणून मी बोटानं त्यांचा खालचा ओठ खाली केला आणि भाकर दातांवर दाबली. आत्यानं माझं मनगट धरलं.

"चंद्रभान! काय करून राहिला रे तू?"

"त्याला खायला लागतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला डबा बंद करताना झाकण लावता येईना.

दुपारी बाबांना जाळलं. मी अंघोळ केली, डोकं भादरलेलं, अंगात ओला सदरा. कोणी काही विचारायच्या आत सायकल काढली आणि राजापेठेला आलो. डोमाजी खोल्या झाडत होता. माझ्या डोक्याकडे पाहून त्यानं झाडू भिंतीला टेकवला.

"केव्हा?"

"सकाळी."

"आन हे?" त्यानं डब्याकडे मान केली.

"आजचंच आहे," मी म्हणालो. तेवढं तर खरं होतं.

त्यानं दार उघडलं. मी भाकर ठेवली. भुऱ्या उठला, शेपटी हलवत आला, खुणेपाशी नाक नेलं. शेपटी थांबली. त्यानं पुन्हा वास घेतला, मग माझ्या हातांचा घेतला, पायांचा घेतला. माझ्या पायाला चितेची राख असावी. तो दोन पावलं मागं सरला आणि बसला.

"खा ना," मी म्हणालो. "त्यांचीच आहे. बघ, त्यांचीच आहे." मी गुडघ्यांवर बसलो. भाकर उचलली, एक घास दातानं तोडला, बाबा तोडायचे तसा, चावला, गिळला आणि उरलेली त्याच्यापुढे धरली.  तो माझ्या डोक्यावरून फाटकाकडे पाहत होता.

"मास्तर," डोमाजी मागून म्हणाला, "राहू द्या आता."

"उद्या खाईल," मी म्हणालो.

 डोमाजीनं गाडग्यातलं पाणी बदललं.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, घरी चूल पेटणार नव्हती, आणि ती भाकर परत नेऊन मी कोणाला काय सांगणार होतो. मी तिथंच बसून ती सगळी खाल्ली. भुऱ्यानं एकदाही माझ्या हाताकडे पाहिलं नाही.