अकरावा माणूस

आमची लिफ्ट बंद पडून चार महिने झाले, म्हणजे आई सहाव्या मजल्यावर अडकून चार महिने झाले. तिचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. मागच्याच गल्लीत तिची धाकटी बहीण राहते, पण तिचेही गुडघे तसेच, सहा मजले चढू देत नाहीत. आणि महिनाअखेर मावशी परगावी मुलाकडे चाललीय, कायमची. दोघी रोज तासभर फोनवर बोलतात. फोन ठेवला की आई गॅलरीत जाऊन उभी राहते. तिथून मावशीच्या इमारतीची फक्त पाण्याची टाकी दिसते.

"खुर्चीत बसवून नेऊ का तुला? चौघं जण उचलतील," मी एकदा म्हटलं.

"चौघांनी उचलायला अजून अवकाश आहे," आई म्हणाली. विषय संपला.

शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी चेअरमनकडे भांडायला गेले. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला लिफ्टचं काय सोयरसुतक, असं तोंडावर सुनावलं. त्यांनी सभेचं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. 'यंदा गच्चीची दुरुस्ती, लिफ्ट पुढच्या वर्षी. ठराव एकमताने मंजूर.' खाली एकवीस सह्या. सातवी आईची, वळणदार, खाली रेघ ओढलेली.

"सभेला होते किती जण?" मी विचारलं.

"मी आणि सेक्रेटरी. दर वेळी दोघंच असतो. मग वॉचमनकाका रजिस्टर घेऊन दारोदार फिरतात. चूक माझी आहे, नाही कशाला म्हणू? पण सही कशावर करतोय, हे एकानेही विचारलं नाही हो."

मला तो दिवस आठवला. आई भाजी निवडत बसली होती, वॉचमनकाका दारात उभे होते आणि पेन मीच शोधून दिलं होतं. लाज वाटली. लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

ठराव बदलायचा तर नवी सभा हवी आणि सभेला किमान अकरा सभासद हवेत. आमचा फ्लॅट आईच्या नावावर, म्हणजे सभासद ती. ती खाली जाणार कशी?

"मग सभा वर घ्या," आई म्हणाली.

रविवारी सकाळी आमच्या दारासमोर, जिन्याच्या तोंडाशी खुर्च्या मांडल्या. चेअरमन कठडा धरून, धापा टाकत वर आले. आईने त्यांना आधी पाणी दिलं, मग म्हणाली, "रोज येत जा असे. तब्येतीला बरं."

साडेअकरापर्यंत दहा जण जमले. अकरावा काही येईना. सभा रद्द झाली तर पुढची महिन्याभराने, तोवर मावशी गेलेली. मेकॅनिकने तर सांगून ठेवलं होतं, होकार मिळाला की चार दिवसांत लिफ्ट चालू.

तेवढ्यात वॉचमनकाका वर आले. "तिसऱ्या मजल्यावरचे साहेब म्हणतात, वर कशाला बोलावता, रजिस्टर खाली पाठवा, सही करतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईही तेच म्हणतात."

मी रजिस्टर उचललंसुद्धा होतं. एका सहीचा तर प्रश्न होता. कोण विचारणार होतं?

आईने रजिस्टरवर हात ठेवला.

"अगं आई, मावशी..."

"माहीत आहे मला." तिने हात उचलला नाही. "अशाच सहीने मी इथे कोंडले गेले. पुन्हा तसली सही नको."

तिने रजिस्टर माझ्या हातातून काढून घेतलं. मला तिचा इतका राग आला की रडूच फुटलं.

चेअरमन उठले. "मी घेऊन येतो त्यांना," म्हणाले आणि एकेक पायरी उतरायला लागले. जरा वेळाने तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजली. थांबून पुन्हा वाजली.

आईचा फोन आला. मावशीचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू गेला. "काय गं, झालं का लिफ्टचं?"

आई रजिस्टर मांडीवर घेऊन जिन्याकडे बघत होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "एक माणूस यायचाय अजून."