दोन हलके हिसके

मी एक जुना पोलादी दोर आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायला बसण्याआधी जरा वर बघा. डोक्यावर पंखा आहे? तो कशाला टांगलाय, कुणी टांगलाय आणि टांगणाऱ्याने तो शेवटचा कधी तपासला, माहीत आहे? नाही ना? मग थोडं बाजूला सरकून बसा. मला भित्रा म्हटलंत तरी चालेल. ज्याच्या भरवशावर माणसं लटकतात, त्याने भोळं राहून भागत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलाद ओढून ओढून त्याच्या बारीक तारा केल्या, तारांचे पेड वळले आणि ते पेड एकमेकांत गुंफून मला तयार केलं. माझे थोरले भाऊ अंगापिंडाने धिप्पाड. कुणी लिफ्टला लागला, कुणी बंदरावर माल उचलायला गेला. मी पेन्सिलीपेक्षाही बारीक, म्हणून मागेच राहिलो. शेवटी चित्रपटाच्या स्टुडिओतून एक माणूस आला. त्याने मला वाकवून पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं, माझा वाससुद्धा घेतला. मग मला घेऊन गेला आणि पहिल्याच दिवशी मला काळा रंग फासला. तू दिसता कामा नये, असं वर मलाच बजावलं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चांगल्या कामाला तोंड काळं कशाला करावं लागतं?

काम हळूहळू कळलं. तिथे अंतराळाचे चित्रपट बनत. मोठा थोरला हॉल, चारी बाजूंनी काळे पडदे, पडद्यांना पाडलेल्या भोकांमागे दिवे. ते म्हणे तारे. अंतराळवीराच्या पाठीच्या पट्ट्यात माझं एक टोक आकड्याने अडकवायचं. छतावरच्या कप्प्यांच्या चाकांवरून जाऊन माझं दुसरं टोक मला आणणाऱ्या त्या माणसाच्या हातात यायचं. तो ओढणार, वीर तरंगणार. पडद्यावर तो वीर साऱ्या विश्वात एकटा दिसे. प्रत्यक्षात त्याच्या पायाखाली वीसएक माणसं चहा पीत उभी असत आणि कोपऱ्यातला एखादा दिवेवाला चक्क घोरत असे. तेव्हापासून कुणी 'मी अगदी एकटा आहे हो' म्हणालं, की मी आधी त्याच्या पायाखाली बघतो.

त्या माणसाचं नाव काहीही असो, सगळे त्याला मागून शंकासुर म्हणत. दाराला कुलूप लावून तो निघायचा आणि चार पावलांवरून परत येऊन कुलूप ओढून बघायचा. बायकोने आत्ता तापवलेलं दूधही हुंगून प्यायचा. माझ्यावर तर त्याचा काडीचा भरवसा नव्हता. रोज सकाळी तो एक मऊ चिंधी काढायचा. त्याच्या मुलीच्या लहानपणीच्या झबल्याची ती होती. चिंधी माझ्याभोवती धरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवायचा. माझी एखादी तार तुटली असेल, तर तिच्या टोकाला चिंधीचा धागा अडकतो. डोळ्याला दिसत नाही ते चिंधीला कळतं. पण मला भारी राग यायचा. इतकी वर्षं इमानाने राबतोय आणि रोज सकाळी झडती? चोर आहे का मी?

आणखी एक रीत त्याने घालून दिली होती. वर जाण्याआधी लटकणाऱ्याने मला दोन हलके हिसके द्यायचे. म्हणजे, आहेस ना? मग खालून शंकासुर दोन हिसके द्यायचा. म्हणजे, आहे. त्याशिवाय तो कुणाचे पाय जमिनीवरून उचलत नसे. वर असतानाही कुणाला भीती वाटली, तर हेच करायचं.

मग तो चित्रपट आला. एक बाई एकटीच यानातून निघते, कुणीच पोचलं नाही अशा ग्रहाकडे जाते, आणि माघारी वळायची संधी मिळूनही पुढेच जाते, अशी काहीशी गोष्ट होती. नायिका नवखी होती, बोलकी होती. शंकासुराला पहिल्याच दिवशी मामा म्हणाली आणि त्याच्या डब्यात डोकावली. दिग्दर्शकाला ते खटकलं असावं. दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की चित्रपट संपेपर्यंत हिच्याशी कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. हिच्या चेहऱ्यावर खरा एकटेपणा यायला हवा. शिवाय हिसक्यांनी ती हलते आणि कॅमेऱ्यात ते दिसतं, म्हणून हिसकेही बंद. माणूस वाईट नव्हता तो. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं मन कुठून कळणार?

मला पहिल्यापासूनच यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. एकटेपणा काय रंग आहे, वरून फासायला? पण माझं कोण ऐकतो! सगळ्यांनी माना डोलावल्या. शंकासुरानेही.

पोर सुकत गेली. ती आली की गप्पा थांबत. ती जेवायला एकटी बसे, समोर आरसा ठेवून. वर लटकली की काळ्या अंधारात काळा मी तिला दिसत नसे. ती मान वळवून वळवून मला शोधायची. एकदा खाली उतरताना तिने हळूच विचारलं, "मामा, दोर आहे ना?" शंकासुराने ऐकलं. आणि तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती, मी पाहत होतो. मला त्या माणसाची कीव आली आणि चीडही आली.

इतकं करून पडद्यावर काय उमटलं? नुसतं रुसलेलं तोंड. दिग्दर्शक रोज ते बघून कपाळावर हात मारून घ्यायचा.

शेवटचा दिवस उजाडला. नायिकेला नवा ग्रह पहिल्यांदा दिसतो, तो प्रसंग उरला होता आणि वेळ कमी होता. शंकासुराने चिंधी काढली, तेवढ्यात दिग्दर्शक आला. सगळ्यांसमोर त्याने मला थोपटलं. इतक्या वर्षांत या दोराने कधी दगा दिला आहे का, म्हणाला. आणि तुमच्यासारखा दोरवाला असताना कसली आली आहे तपासणी? शंकासुराचं असं चारचौघांत कौतुक कुणी कधी केलंच नव्हतं. चढला की हो हरभऱ्याच्या झाडावर! जरा लाजला आणि चिंधी खिशात घातली.

मित्रांनो, आदल्या संध्याकाळी आकड्याजवळची माझी एक तार तुटली होती. मला ठाऊक होतं, पण दोराला कुठे तोंड असतं? आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, अरे, घे ना माझी झडती! त्या चिंधीसाठी मी तळमळत होतो.

ती वर गेली. खाली जमीन दिसणार नाही इतकी वर गेली. कॅमेरा सुरू झाला. समोर नारिंगी उजेडाचा ग्रह उगवू लागला, तिने हात पुढे केला, आणि माझी दुसरी तार तुटली. टिक् एवढाच आवाज झाला. खाली कुणालाच कळलं नाही. पण तो तिच्या पाठीच्या कण्यात उमटला. तिचा श्वास थांबलेला मला जाणवला. माझा जीव टांगणीला लागणं नेहमीचंच, पण त्या दिवशी तिचा लागला होता. तिने हात मागे नेला, अंधारात मला चाचपलं आणि दोन हलके हिसके दिले.

शंकासुराच्या तळहाताला ते कळले. त्याने दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने जोरात मान हलवली, नाही. सगळा हॉल शंकासुराच्या हातांकडे बघत होता. बंदी मोडली, तर शेवटचा प्रसंग वाया, आणि त्याला यापुढे कुणी काम देणार नाही, हे त्यालाही कळत होतं. मला वाटलं, हा परत नाडी बांधणार.

त्याने दोन हिसके दिले. स्पष्ट, एकामागून एक. मग मला अलगद, वीत वीत सोडत तिला जमिनीवर आणलं.

दिग्दर्शक ओरडत आला.  शंकासुराने चिंधी काढून माझ्यावरून फिरवली. आकड्याजवळ ती अडकली आणि टरकन फाटली.  शंकासुर खाली बसला. "ताई, मी आज बघितलं नव्हतं गं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ती त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली आणि बोलत सुटली. घरचं, शाळेतलं, काल पडलेलं स्वप्न, काय वाट्टेल ते. थांबेचना. दिग्दर्शकाने ती फाटकी चिंधी हातात घेऊन पाहिली. मग त्याने स्वतः तिला पाणी आणून दिलं आणि विचारलं, "फार घाबरलात?"

तो प्रसंग पुन्हा घेतला नाही. त्यांनी तोच ठेवला. वरच्या अंधारात ती एकटी आहे, चेहरा भीतीने पांढरा पडलाय, आणि एकाएकी तिचे डोळे भरतात, ओठ हलतात, आणि ती नव्या ग्रहाकडे अशी बघते, की वाटतं, आता ही कितीही लांब जाईल. लोक विचारतात, हा अभिनय तिला जमला कसा? ते दोन हिसके कुणाला दिसत नाहीत.

मला मात्र कामावरून काढलं. तुटका भाग कापून टाकला. उरलेल्या मला शंकासुराने घरी नेलं, रॉकेलने घासून काळा रंग उतरवला आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांना दिसतो आहे. मधे तो चित्रपट टीव्हीवर लागला होता. त्याची बायको म्हणाली, "ही एकटीच गेली म्हणता, मग हिचा फोटो कोण काढतंय?" मला ही बाई फार आवडते.

अजूनही रोज सकाळी तो ओले कपडे घालण्याआधी माझ्यावरून चिंधी फिरवतो. मुलगी हसते. बाबा, टॉवेल पडून मरणार आहे का, म्हणते. तो ऐकत नाही. मला आता राग येत नाही.

म्हणून विनंती एवढीच. ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलेला आहे, त्याला नुसतं थोपटू नका, त्याची रोज झडती घ्या. आणि मित्रांनो, तुमचं कुणी फार लांब, फार उंच गेलं असेल आणि तिकडून दोन हलके हिसके आले, तर कुणी कितीही माना हलवोत, नाडी बांधत बसू नका. दोन हिसके परत द्या.