कोपऱ्यातला बेड

सकाळपासून ऑफिसात माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या वॉर्डात आमचं पॅनेल बसलं होतं आणि आज इलेक्ट्रिशियन जुन्या घंटेची वायर काढणार होता. यापुढे बेडजवळचं बटण वायरशिवाय, मोबाईलच्या सिग्नलवरच घंटा वाजवणार. तिथली मुख्य नर्स म्हणजे माझी थोरली नणंद. "मी सांगते ना ताई, डोळे मिटून लावा," असं मीच छातीठोकपणे म्हणाले होते.

पॅनेल म्हणजे भिंतीवर बसवलेल्या छोट्या छोट्या चौकटी. वॉर्डाच्या वळणावर सिग्नल अडतो. या चौकटी तो परतवून थेट कोपऱ्यातल्या बेडपर्यंत नेतात. कुठल्या चौकटीनं तो किती वळवायचा, हे माझ्या कॉम्प्युटर मॉडेलनं ठरवलं होतं. स्क्रीनवर सगळा वॉर्ड कसा छान हिरवागार दिसत होता. तरी जिवाला चैन नव्हती.

ताईंचा फोन आला. "अगं, फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण! म्हटलं इलेक्ट्रिशियनला, घे बाबा वायर काढायला. आता कोपऱ्यात जाते, तिथून बो..."

आवाज गेला. फोन कट झाला नव्हता, नुसती शांतता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

सिग्नल येतो एका फ्रिक्वेन्सीवर, उत्तर जातं दुसरीवर. मी चौकटी येणाऱ्यासाठी जुळवल्या आणि जाणारा त्याच वाटेनं निमूट परत जाईल असं धरून चालले. तपासल्या त्याही फक्त दांड्या, आणि त्या दाखवतात येणारा सिग्नल. मोठी शहाणी मी! कोपऱ्यातून बटण दाबलं तरी घंटा वाजणारच नव्हती.

"ताई, वायर काढू देऊ नका! चूक माझी आहे. थांबवा त्याला!"

काहीच नाही. माझ्या हिशोबानं त्यांना माझा शब्द न् शब्द पोचत होता. पण हिशोबावर आता कोण विश्वास ठेवणार? मी तेच तेच ओरडत राहिले. अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं.

शेवटी ताई धापा टाकत वळणाच्या अलीकडे आल्या. "थांबवलं गं बाई! केव्हाची ओरडतेय, थांबवलंय म्हणून. तुझं आपलं चालूच!"

"मला काहीच ऐकू येत नव्हतं, ताई."

ताई म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या बेडवरचे आजोबाही असेच बटण दाबत बसले असते गं."

"हो," मी म्हणाले. आणि जाणाऱ्या सिग्नलसाठी चौकटी पुन्हा जुळवायला घेतल्या.