नाव न घेता लागलेला फोन

मी बिश्केकची, किर्गिझस्तानच्या राजधानीतली. शहरातल्या माणसाला असतो तेवढा माज मलाही होता. कंपनीनं मला अत-बाशीच्या डोंगरात पाठवलं तेव्हा वाटलं, चला, या लोकांना चार गोष्टी शिकवू. शिकले मी. आणि कुणाकडून, तर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एका ऑपरेटरीणबाईकडून आणि डोळ्यांनी अधू झालेल्या एका म्हातारीकडून.

काम तसं झकास होतं. घरातला तारेचा फोन, खिशातला मोबाइल आणि रशियात गेलेल्या पोरांचे इंटरनेटवरचे कॉल ही आजवर तीन वेगळी बिऱ्हाडं होती. एकाचं दुसऱ्याशी पटत नसे. आमच्या कंपनीनं त्यांची चूल एक केली. त्या चुलीवर पहिला पदार्थ रांधायचा होता तो आवाजाचा. रिसीव्हर उचलायचा, माणसाचं नाव घ्यायचं, संपलं. तो घरी असला तर घरची घंटा वाजेल, कुरणावर असला तर मोबाइल, येकातेरिनबुर्गला असला तर तिथला संगणक. आकडे पाठ करायला नकोत, बटणं चाचपायला नकोत. मला अजूनही त्या कल्पनेचं कौतुक वाटतं, आणि ते वाटतं हे सांगायला मी लाजत नाही.

चाचणीला काराजार हे गाव निवडलं होतं, एक्केचाळीस घरांचं. या सेवेची खरी गरज कुणाला असेल तर ती बातमाकान आपाला; थोर बाईला इथं 'आपा' म्हणतात. वय सदुसष्ट, नवरा वारलेला, एकटी. काचबिंदूनं दृष्टी गेली होती, उजेड तेवढा कळायचा. तिचा एकुलता मुलगा तालाय येकातेरिनबुर्गला बांधकामावर. त्यानं आईला स्वच्छ बजावलं होतं, "आई, तुला एकटीनं फोन करता आला तर राहा तिथं. नाहीतर सप्टेंबरात येतो, गाय विकतो आणि तुला घेऊन जातो. हिवाळ्यात तू पडलीस तर कुणाला कळणार?"

पोराचं चुकत नव्हतं. पण म्हातारीला नवव्या मजल्यावर जायचं नव्हतं. "तिथं खिडकी उघडली की गाड्यांचा वास येतो म्हणे," ती मला म्हणाली. "इथं मला वासावरून कळतं, कुणाचं ताक घुसळून झालंय ते. मला नको नेऊ देऊस, पोरी."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आपा, बिनघोर राहा. हे माझ्यावर सोपवा."

पहिली चाचणी जुलैत झाली. तालायला मी येकातेरिनबुर्गहून लाइनवर घेतलं होतं. म्हातारीचे मोठे दीर जुमाकादिर, ज्यांना सगळे मानानं 'अता' म्हणजे बाबा म्हणतात, भिंतीशी येऊन बसले होते, सत्त्याहत्तर वर्षांचे, खांबासारखे ताठ. संकटात तिनं पहिला फोन करायचा तो यांनाच. दोन घरं सोडून तेच राहतात.

"आपा, फक्त त्यांचं नाव घ्या," मी म्हणाले.

म्हातारीनं रिसीव्हर कानाला लावला. गप्प. यंत्र आपल्या गोड आवाजात म्हणालं, "आवाज ऐकू आला नाही. कृपया नाव सांगा." तरी गप्प. तिसऱ्यांदा यंत्रानं माफी मागून फोन तोडला.

"झालं?" तालाय म्हणाला. "मी तिकीट बघतो."

जुमाकादिर अता उठले आणि मला बाहेर घेऊन गेले. "पोरी, उगाच जीव काढू नकोस. घेऊन जाऊ दे त्याला. इतर सुना म्हातारपणी जरा सैल होतात, चहा देताना दोन शब्द बोलतात. हिनं चव्वेचाळीस वर्षांत माझ्याकडे बघून एक शब्द काढला नाही. तोंड आवडत नाही तिला माझं. भावाची बायको म्हणून मी सरपण टाकतो दारात, पण रात्रीबेरात्री ही मला हाक मारेल? मरेल, पण मारणार नाही." एवढं बोलून घोड्यावर बसले आणि कुरणावर निघून गेले.

मी काय केलं असेल? मी तार बदलली. मला वाटलं, लाइनवर खरखर आहे. खांबापासून घरापर्यंत नवी तार ओढली, दोन दिवस शिडीवर लोंबकळत. रिसीव्हर बदलला. मग गावातले सगळे कॉल तपासले, तर पुरुषांचे धडाधड लागत होते आणि बायकांच्या निम्म्या कॉलमध्ये नुसती शांतता. काही बायका भलतंच काहीतरी बोलून फोन ठेवत होत्या. माझे साहेब, एर्किन सादिरोविच, बिश्केकहून म्हणाले, "बायकांना यंत्राची भीती वाटते. तसं लिही अहवालात. ऑगस्टअखेर चाचणी बंद." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

त्याच आठवड्यात बेरमेत एजे, म्हणजे बेरमेतताई, एक्स्चेंजमध्ये आली. जुन्या काळी अत-बाशीचा सगळा स्विचबोर्ड हिच्या हातात असे. आता वय अडुसष्ट, पण खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला मंगळवारी यायचीच. मी डोकं धरून त्या भलत्याच बोललेल्या कॉलची रेकॉर्डिंग ऐकत होते. 'वरच्या घरचे उंच.' 'माझा गोरटेला.' 'मोठ्या चुलीचे.' ती झारी हातात धरून उभी राहिली आणि हसत सुटली.

"हसायला काय झालं, एजे?"

"तू किर्गिझ आहेस की कुठून मागवलीय तुला? सासरी किती दिवस टिकलीस?"

"चौदा महिने."

"तरीच! अगं बये, सून सासरच्या थोरामोठ्यांचं नाव घेते का? काराजार अख्खं गाव एका कुळाचं. त्या गावात जी बाई नांदायला आली तिला शेजारीपाजारी, वरचे, खालचे, मास्तर, दुकानदार, सगळे सासरचेच. आणि तू तिला म्हणतेस नाव घे. त्यापेक्षा चौकात ओढणी सोड म्हण!"

तोंडात मारल्यासारखं झालं. हे काय मला माहीत नव्हतं? माझ्या आईनं आयुष्यभर माझ्या काकांना 'मिर्झा' म्हणजे 'साहेब' एवढंच म्हटलं. पण कंपनीच्या दारातून आत शिरताना मी माझं घर बाहेर ठेवून येत असे, आणि त्यालाच हुशारी म्हणत असे.

"मग तुमच्या वेळी या बायका फोन कसा लावायच्या?" मी विचारलं.

"मला सांगायच्या. 'एजे, आमच्या दाढीवाल्यांना द्या.' आवाजावरून मला कळायचं कुणाची सून, मग दाढीवाला कोण ते कळायचं. एका गावात अकरा दाढीवाले होते! तेराशे नावं होती माझ्या डोक्यात, एकही पासपोर्टातलं नाही." तिनं झारी खाली ठेवली. "यंत्राला एवढं जमत नसेल तर मला परत घ्या कामावर."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आम्ही बिश्केकला सहा इंजिनिअर दोन वर्षं जे बनवत होतो ते ही बाई एकटी करून बसली होती, तेही हातात विणकाम घेऊन.

साहेबांना फोन लावला. "एर्किन सादिरोविच, प्रत्येक बाईची नावं वेगळी ठेवावी लागतील. तिच्या शब्दांत, तिच्या आवाजात."

"वेडी झालीस? एक माणूस, एक नाव, एक नोंद. जगभर असंच चालतं."

"तुमच्या आई तुमच्या काकांना काय म्हणतात?"

साहेब म्हणाले, "'अंगणातले'. त्याचं काय?"

"त्यांना फोन लावता येईल का आपल्या सेवेवरून?"

"...जागा कुठून आणणार एवढ्या आवाजांना?"

इथं मात्र मला माझाच अभिमान वाटतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चूल एक केली तेव्हा प्रत्येक ग्राहकाला, अगदी तारेच्या फोनवाल्यालाही, निरोप साठवायची एक पेटी आपोआप मिळाली होती. काराजारात त्या पेटीत आजवर कुणी एक निरोप ठेवला नव्हता. एक्केचाळीस रिकाम्या पेट्या! मी त्यांत बायकांचे शब्द भरायचं ठरवलं. बाईनं रिसीव्हर उचलला की यंत्रानं तिची पेटी उघडायची, तिनं उच्चारलेला शब्द तिच्याच आवाजातल्या शब्दाशी ताडून बघायचा, मग तो माणूस तारेवर, कुरणावर, परदेशात जिथं असेल तिथं शोधायचा. बेरमेत एजे जे कानानं करायची तेच.

दोन आठवडे मी आणि एजे घरोघर हिंडलो. बायका आधी तोंडावर ओढणी धरून हसायच्या, मग बोलू लागल्या की थांबेनात. बातमाकान आपानं शाळेच्या टकल्या हेडमास्तरांना 'धाकटं शेंबडं' म्हणून नोंदवलं, कारण ती लग्न होऊन आली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. नर्सबाई म्हणजे 'थंड हाताची'. शेवटी राहिले जुमाकादिर अता.

"तू बाहेर जा, पोरी," म्हातारी म्हणाली.

मी गाईजवळ जाऊन उभी राहिले. आतून चार शब्दांएवढी कुजबूज आली आणि रिसीव्हर ठेवल्याचा आवाज. ते मी उघडून ऐकलं नाही. यंत्रानं 'नोंद झाली' म्हटलं, तेवढं मला पुरे होतं.

दुसरी चाचणी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी. तालायची अट होती की आईजवळ कुणीही असता कामा नये. तो फक्त लाइनवर ऐकत राहणार. जुमाकादिर अता अजून कुरणावरच होते, त्यांना काही कळवलेलं नव्हतं. मी आणि एजे अत-बाशीला एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलो. तालायनं सप्टेंबरच्या दहा तारखेचं तिकीट काढून ठेवलं होतं.

रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. म्हातारीचा श्वास. मग ती हलकेच काहीतरी बोलली, आणि यंत्रानं ते उचललं! आधी अतांच्या घरची घंटा वाजली. सहा वेळा. कुणी नाही. क्षणात फोन तारेवरून उडी मारून मोबाइलवर गेला. मी मूठ आवळली.

"हां! कोण?" अतांचा खणखणीत आवाज, मागं घोड्यांचं खिंकाळणं.

आता इथं माझी चूक. फोन उचलणाऱ्याला यंत्र सांगतं, 'तुम्हाला अमुक बोलावताहेत.' त्या अमुकच्या जागी बोलावणारीचं नाव यायला हवं होतं. मी घाईघाईत पेटीतला भलताच तुकडा तिथं जोडला होता. म्हणून अतांच्या कानात पडला तो बातमाकान आपाचा आवाज, दोन आठवड्यांपूर्वी दार लावून नोंदवलेला:

"आमचं दार मोकळं करणारे."

मी चूक दुरुस्त करायला कळफलकाकडे हात नेला तर एजेनं माझं मनगट धरलं.

"हे कोण बोललं?" अता म्हणाले.

"आईचा आवाज आहे, आबा," तालाय म्हणाला. आपल्या मोठ्या काकांना तो आबाच म्हणतो. "तुम्हाला ती... आई, तू आबांना असं म्हणतेस? कुठलं दार?"

म्हातारी मुलाशी बोलली. सून थोरांशी बोलते ती अशीच, कुणालातरी मध्ये घेऊन. "तू अकरा दिवसांचा होतास. तुझे वडील मेंढरांबरोबर अक-साईच्या खोऱ्यात अडकले होते. बर्फ छपरापर्यंत आलं. गोवऱ्या संपल्या, मी पाळण्याच्या फळ्या जाळल्या. माझं दूध आटलं होतं. तिसऱ्या दिवशी फावड्याचा आवाज आला."

"अगं, ते कुणीही केलं असतं," अता पुटपुटले. "मी तर विसरूनही गेलो होतो."

"त्यांना सांग, कुणी केलं नाही. गावात तेव्हा एकतीस घरं होती. त्यांना सांग, त्या दिवसापासून मी दुसरं काही म्हटलेलं नाही त्यांना. मनात म्हणायची, म्हणून ऐकू गेलं नसेल."

सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस नाक ओढत होता आणि मध्येच घोड्यावर खेकसत होता.

"तालाय."

"हां, आबा."

"तिकीट काढलंयस का?"

"काढलंय."

"मग ये. मेंढी कापू. पण परत जाशील तो एकटा. मी आहे इथं. हाक मारली की येईन, नाही मारली तरी येईन." मग घसा साफ करून म्हणाले, "मी आज खाली उतरतोय. आईला सांग."

"आई, आबा म्हणताहेत..."

"ओढ्याला पाणी चढलंय," म्हातारी म्हणाली. "वरच्या पुलानं या."

यात 'त्यांना सांग' नव्हतं. ते थेट अतांना होतं, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बेरमेत एजेनं आपले हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मग माझेही काढले. "ऊठ," ती म्हणाली. "फोन लागला की ऑपरेटरनं लाइनवर थांबायचं नसतं."