खोपीचं फुगलेलं दार

मित्रांनो, बागेच्या टोकाला, बटाट्यांच्या वाफ्यापलीकडे एक जुनी लाकडी खोपी कलंडून उभी आहे ना, ती मी. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका होडीच्या फळ्यांतून माझा जन्म झाला. म्हणून भरतीच्या वेळी मी अजूनही थोडी डुलते. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

आधी माझ्यात बियाण्याचे बटाटे आणि एक खडूस कोंबडी राहत असे. मग एका हिवाळ्यात, घरातल्या पोरांच्या दंग्याला कंटाळून टॅम्सिन नॅन्कॅरो मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन माझ्यात येऊन बसली आणि लिहू लागली. दार मात्र तिला घट्ट लावलेलं लागे. वाऱ्याची झुळूक आली तरी तिचं वाक्य तुटायचं. तिची पहिली कादंबरी पोस्टवालीखेरीज कुणी वाचली नाही. दुसरीला वर्तमानपत्रात चार ओळी मिळाल्या. तिसरीने बक्षीस मारलं, तिच्यावर टीव्हीची मालिका निघाली, आणि लोक कुंपणावरून माना उंचावून मला पाहू लागले. मला आभाळ ठेंगणं झालं.

एके दिवशी लेखकांच्या खोल्यांचे फोटो छापणारा माणूस आला. टॅम्सिनचा नवरा पीरन लाजला. ‘‘हे खुराडं छापलंत तर लोक म्हणतील, हा बायकोला बाहेर झोपवतो,’’ असं म्हणून त्याने त्याला चहावरच वाटेला लावलं. आणि घरात तिच्यासाठी नवी खोली बांधायला घेतली. ती झाल्यावर तो तिला आत घेऊन गेला.

‘‘अगं, फरशीसुद्धा गरम राहते हिची.’’

‘‘पाय भाजले म्हणजे?’’

‘‘आधी बस तर खरी, महाराणी.’’

ती बसली. त्या नव्या खोलीला, माझ्या सवतीला, भिंतभर काच. मला एकच खिडकी, तीही तडकलेली. तिच्या पोटात कोंबडीचं एक पीससुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या हिवाळ्यात, पावसाची झड लागली असताना टॅम्सिन बगलेत कागदांची चळत घेऊन बाहेर आली. नव्या खोलीत लिहिलेली अर्धी कादंबरी ती खतखड्ड्यात टाकायला निघाली होती. ‘‘जीवच नाही यात,’’ असं पुटपुटत, राहिलेली पाण्याची पिशवी न्यायला ती माझ्यात शिरली आणि सवयीने तिने दार ओढून घेतलं. पावसात लाकूड फुगतंच. मी आणखी थोडा जोर लावला. दार बसलं ते बसलंच. कोंडलेली टॅम्सिन शेवटी माझ्या टेबलाशी बसली आणि तिने नवीच गोष्ट सुरू केली.

दुपार कलल्यावर पीरनने हाक मारली. ‘‘टॅम्स, आत तू आहेस का?’’

‘‘नाही, कोंबडी आहे.’’

‘‘मग तोवर एक अंडं घाल. रंधा आणतो.’’

ओल्या दाराला रंधा मारू नये, हे आमच्या किनाऱ्यावर कुणालाही ठाऊक असतं. त्यालाही होतं. पण बायको आत होती. त्याने फुगवटा तासून काढला.

टॅम्सिन रोज माझ्याकडे येऊ लागली. पण वसंतातल्या कोरड्या वाऱ्याने दार आकसलं आणि चौकटीशी ही भली मोठी फट पडली. तिने काय करावं? त्या टाकून द्यायच्या पानांची सुरळी केली आणि फटीत कोंबली. सवतीची लेकरं माझ्या दाराचा बोळा! मी आनंदाने कुरकुरले.

पण मित्रांनो, दिवसरात्र उराशी असलेला कागद न वाचून कसं चालेल? मी वाचला. तो चांगला होता. माझ्याकडे लिहिलेल्या कशाहीपेक्षा चांगला. ते मला सोसेना, म्हणून एका खिळ्याने मी ती सुरळी घट्ट अडकवून ठेवली.

इकडे माझ्या टेबलावरची गोष्ट अडली. टॅम्सिन लिही, खोडी, पुन्हा लिही. जूनमध्ये एका दुपारी तिने डोकंच टेबलावर टेकलं.

‘‘पेस्टी गार होतेय गं,’’ मटण-बटाट्याची ती भाजलेली करंजी खिडकीत ठेवत पीरन म्हणाला.

‘‘मला आता लिहिता येत नाही रे. संपलं माझं.’’

हात खिडकीतून घालून त्याने तिच्या केसांवर ठेवला. ते मला पाहवेना. मी खिळा सोडला.

सुरळी खाली पडली. तिने उचलली, उभ्याउभ्याच वाचत राहिली, आणि वाचता वाचताच घराकडे निघाली, त्या काचेच्या खोलीकडे. माझ्याकडे तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. जुन्या जागेतून जायचं असेल तर खुशाल जा. पण जाताना दार तेवढं ओढून घ्या. वारा फार येतो.