परदेशी बिऱ्हाड शोधणाऱ्यांचा सोफा

मित्रांनो, मी सोफा आहे आणि जुना आहे, हे सांगायला मला कसली लाज? लाज वाटायला हवी ती माझ्यावर बसून गेलेल्या मंडळींना. त्यांना ती वाटत नाही, म्हणून आज मला तोंड उघडावे लागत आहे. एरवी सोफ्याने गप्प राहावे, एवढे मलाही कळते.

मला एका सुताराने घडवले. सांगाडा पक्क्या लाकडाचा, आत काथ्या आणि स्प्रिंगा, वर गडद हिरवे रेक्झिन. माझी पहिली नोकरी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात होती. तिथे माणसे गाल धरून यायची आणि गुपचूप बसायची. त्यांचे दुखणे खरे होते, भीतीही खरी होती. कुणी शेजारच्याला विचारी, "खूप दुखतं का हो?" आणि तो बिचारा सुजलेल्या तोंडाने "नाही, नाही" म्हणे. डॉक्टरीणबाई रोज मला ओल्या फडक्याने पुसत. येणारे-जाणारे माझे कौतुक करत. फार चांगले दिवस होते ते.

पुढे बाईंनी दवाखाना बंद केला आणि मला विकून टाकले. चार माणसांनी मला तिरका, उभा, आडवा करत एका उंच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर चढवले. तिथे एका सल्लागाराचे ऑफिस होते. काचेच्या दारावर पाटी होती: 'परदेशात दीर्घ मुदतीचा निवास. नोकरदार, निवृत्त व गुंतवणूकदारांसाठी.' सल्लागार गोरागोमटा, गुळगुळीत दाढीचा, बारा गावचे पाणी प्यायलेला माणूस होता. स्वतः मात्र तो या गावातून कधी हलला नव्हता.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की परदेशात राहायचे म्हणजे तिकीट काढले आणि निघाले. तसे नसते. तिकिटाने नुसते जाता येते. राहायचे असेल तर त्या देशाने राहू द्यावे लागते, आणि त्याचे निरनिराळे मार्ग असतात. पहिला मार्ग नोकरीचा. तिकडच्या मालकाने बोलावले तर जा, त्याने काढून टाकले तर बोचके आवरा. दुसरा निवृत्तांचा. दरमहा येणारे उत्पन्न दाखवा, आरामात राहा, पण तिथे काम करून कमवायचे नाही. तिसरा गुंतवणुकीचा. तिकडे घर विकत घ्या, घर तुमचे आहे तोवर राहण्याचा परवाना तुमचा. वर्षातले किती दिवस तिथे काढावे लागतील, बरोबर कुणाकुणाला नेता येईल, कायमचे कधी होता येईल, हे प्रत्येक देशात वेगळे. सल्लागार हे सारे रंगीत कागदांवर छापून ठेवी. माझ्यासमोरच्या काचेच्या टेबलावर ते कागद पसरले की समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटे.

नोकरीच्या मार्गाने जाणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. ती माणसे माझ्या अगदी कडेवर बसत, जणू मी त्यांना ढकलून देणार आहे. एकदा एक नर्स आली होती. तिने देशांची चित्रे बाजूला सारली आणि एवढेच विचारले, "माझ्या मुलाला कधी नेता येईल?" जिथे त्याला सर्वांत लवकर नेता येत होते, तो देश तिने निवडला आणि ती गेली. चहासुद्धा अर्धा टाकून गेली.

पण गुंतवणूकवाले! मित्रांनो, त्यांच्याबद्दल काय सांगू? ते मांड्या फाकवून बसत, बूट टेबलाच्या पायाला टेकवत आणि देशांना असे नाक मुरडत की जणू ते देश त्यांच्या दारात हात जोडून उभे आहेत. "इथे कर कमी आहे, पण उकडतं." "इथे हवा चांगली, पण लोक फारच साधे." एका बिल्डरला ज्या देशात कायमचे राहायचे होते, तिथली भाषा कुठली हे सल्लागाराला विचारावे लागले. एका बाईंनी एक आख्खा देश नापसंत केला, कारण तिथल्या घरांच्या खिडक्या छोट्या आणि त्यांचे पडदे मोठे. दुरून डोंगर साजरे म्हणतात. यांनी तर डोंगरही पाहिले नव्हते, नुसते छापील कागद पाहिले होते. आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी का येत नाही, हे विचारायला यांतला एकही कधी कुठल्या कचेरीची पायरी चढला नसेल, हे मी पैजेवर सांगतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त चीड आली ती चष्मेवाल्याची.

त्याचे चष्म्याचे दुकान चांगले चालत होते. घर होते, बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती, घरात आई होती. काही म्हणता काही कमी नव्हते. पण त्याचा मेव्हणा समुद्रकाठच्या एका देशात जाऊन राहिला आणि तिथल्या पोहण्याच्या तलावाचे फोटो पाठवू लागला. झाले. त्या तलावाने चष्मेवाल्याची झोप उडवली.

त्याला धंद्याची एक सवय जडलेली होती. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर एक काच धरतो, मग दुसरी धरतो आणि विचारतो, "हा बरा की हा?" हीच गत त्याने देशांची केली. एका हातात समुद्राच्या देशाचा कागद, दुसऱ्या हातात थंडीच्या देशाचा. दोन्ही आळीपाळीने बायकोच्या नाकासमोर नाचवायचे. "हा बरा की हा?" बायको म्हणे, "पहिला परत दाखवा." असे महिनोन् महिने चालले. एक ना धड, भाराभर चिंध्या!

पहिल्याच भेटीत सल्लागाराने विचारले होते, "घरी आणखी कोण आहे, साहेब?"

"आई आहे. आमच्याबरोबर येईल ना ती?"

"या दोन्ही देशांत नाही. नवरा, बायको आणि लहान मुलं, एवढंच कुटुंब धरतात. आई पाहुणी म्हणून येऊ शकते. वर्षातून तीन महिने." मग सल्लागाराने खणातून तिसरा कागद काढला. "हा एक देश आहे, इथे आईलाही कायमचं नेता येतं. घरंही स्वस्त आहेत."

मी मनातल्या मनात म्हटले, चला, सुटला प्रश्न. चष्मेवाल्याने कागद हातात घेतला, बायकोकडे सरकवला. बायकोने तो उलटा करून पाहिला.

"इथे कोण राहतं?" ती म्हणाली. "दादाला काय सांगू? असल्या ठिकाणी जाऊन राहिलो म्हणून? नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही."

"विमानतळही लहान दिसतोय," चष्मेवाला म्हणाला.

विमानतळ लहान होता, म्हणून तो कागद परत खणात गेला. मित्रांनो, माझ्या अंगावर रोज किती माणसे बसून गेली, पण इतके जड कुणी वाटले नाही.

आता खरी गोम ऐका. तिकडे घर घ्यायचे तर इकडचे विकावे लागणार होते, आणि इकडचे घर आईच्या नावावर होते. आईला सांगितले होते, "आपण सगळे जाणार आहोत." ती पाहुणी म्हणून येणार, हे कुणी सांगितले नव्हते.

"आधी सही होऊ दे, मग सांगू," चष्मेवाला म्हणाला. "उगाच आत्तापासून रडारड नको."

"अगदी बरोबर," सल्लागार म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांना टप्प्याटप्प्याने सांगावं."

एवढ्या थाटात त्याने ते सांगितले, जणू औषधाचा डोसच लिहून देत होता.

मग एका दुपारी आजी आल्या. घर विकण्याच्या कागदांवर त्यांची सही व्हायची होती. इस्त्री केलेली साडी, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर मुलानेच बनवलेला चष्मा. त्या जपून बसल्या आणि माझ्या हातावर थोपटून म्हणाल्या, "ऐसपैस आहे हो सोफा." दवाखाना सुटल्यापासून माझ्याबद्दल बरा शब्द मी ऐकला नव्हता. मला अगदी भरून आले.

आजी खुशीत होत्या. "मी माझ्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या," त्या सल्लागाराला सांगत होत्या. "म्हटलं, पाणी कोण घालणार? तिकडे माती मिळते का हो चांगली?"

"उत्तम मिळते, आजी," सल्लागार म्हणाला. मातीतले त्याला काय कळत होते, देव जाणे.

सही मागायच्या आधी आईला जरा खूश करावे, असे चष्मेवाल्याला वाटले असावे. त्याने दोन नकाशे उचलले. एक समुद्राच्या देशातल्या घराचा, एक थंडीच्या देशातल्या. दुकानात धरतो तसेच ते आईच्या चष्म्यासमोर धरले.

"आई, तूच सांग. हा बरा की हा?"

आजी पुढे वाकल्या. पहिल्या नकाशावर त्यांचे बोट हळूहळू फिरू लागले. "ही तुमची खोली. ही पोरीची. हे काय आहे?"

"व्यायामाची खोली," सून म्हणाली.

"आणि ही?"

"ते माझं ऑफिस," चष्मेवाला म्हणाला.

"तिकडेही दुकान काढणार आहेस?"

"नाही गं. नुसतं ऑफिस."

आजींनी दुसरा नकाशा घेतला. तोही तसाच बोटाने वाचला. मग म्हणाल्या, "पहिला परत दाखव." त्याने दाखवला. आजींनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा पाहिले.

"दोन्हीत मी दिसत नाही रे," त्या म्हणाल्या.

मग चष्मेवाला हसला. कसनुसा हसला. "अगं, ही पाहुण्यांची खोली आहे ना! वर्षातून तीन महिने तू आमच्याकडेच. मस्त राहायचं, फिरायचं."

"आणि बाकीचे महिने?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिले. बायकोने सल्लागाराकडे पाहिले. सल्लागाराजवळ मात्र सगळ्याची सोय होती. त्याने खण उघडला आणि आणखी दोन चकचकीत कागद काढले. त्यांवर पांढऱ्या केसांची माणसे बाकांवर बसून हसत होती.

"काळजीच नको, आजी. ज्येष्ठांसाठी फार छान निवास आहेत. आमच्यातर्फेच व्यवस्था होते. डॉक्टर, जेवण, बाग, सगळं."

आणि मित्रांनो, त्या शहाण्या चष्मेवाल्याने ते दोन कागद घेतले, एक उजव्या हातात, एक डाव्या, आणि आईसमोर धरले. सवयच ती.

"आई, हा बरा की हा?"

आजींनी या वेळी कागदांकडे पाहिलेच नाही. त्या मुलाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग पिशवी खांद्याला अडकवली आणि उठू लागल्या.

पण मी आता पहिल्यासारखा राहिलो नव्हतो. वर्षानुवर्षे जडजड माणसे बसून माझ्या स्प्रिंगा पार खाली गेल्या होत्या. आजी उठायला गेल्या आणि परत माझ्यात बुडाल्या. पुन्हा उठायला गेल्या, पुन्हा बसल्या. मुलाच्या दोन्ही हातांत कागद होते. सुनेच्या हातात चहाचा कप होता. सल्लागाराच्या हातात सहीसाठी उघडलेले पेन होते. तिघेही नुसते बघत होते. मला माझ्या खचलेल्या स्प्रिंगांचा इतका राग कधीच आला नव्हता. शेवटी आजींनी माझ्या हाताची लाकडी कड घट्ट धरली. सुताराचे लाकूड पक्के होते. कुरकुरले, पण दगा दिला नाही. आजी उभ्या राहिल्या.

"घर माझ्या नावावर आहे ना?" त्यांनी विचारले.

"हो, पण आई..."

"मग ते माझ्याच नावावर राहील. मी कुठे येत नाही. तुम्ही खुशाल जा, बाबांनो, मी अडवत नाही. करमेनासं झालं की या माझ्याकडे पाहुणे म्हणून. वर्षातून तीन महिने. चौथा लागला की मी विचारीन, निघताय कधी?"

एवढे बोलून त्या दाराकडे गेल्या. काचेचे दार जड होते. तेही त्यांनी स्वतःच ढकलले. शेजारणीने कुंड्या अजून कुणाला दिल्या नसतील ना, असे काहीतरी पुटपुटत त्या जिना उतरू लागल्याचे मला ऐकू आले.

चष्मेवाला त्यानंतर एकदा एकटाच आला होता. घर न विकता काही जमेल का, असे विचारत होता. सल्लागाराने त्याला नोकरीच्या मार्गाचा कागद दिला. या वयात त्याला कोण बोलावणार? चहासुद्धा विचारला नाही त्याला. तो माझ्या अगदी कडेवर बसला होता. मला दया यायला हवी होती, पण आली नाही.

झालेल्या नुकसानीचे खापर सल्लागाराने माझ्या डोक्यावर फोडले. "हा सोफा आधी बाहेर काढा," तो ऑफिसातल्या मुलीला म्हणाला. "ती म्हातारी चटकन उठली असती तर एवढी चिडली नसती." नाचता येईना, अंगण वाकडे! तेव्हापासून मी जिन्याच्या कोपऱ्यात पडलो आहे. माझे रेक्झिन फाटले आहे, काथ्या बाहेर आला आहे, आणि सिगारेट ओढायला येणारे लोक माझ्यावर राख झाडतात. आत माझ्या जागी पांढराशुभ्र नवा सोफा आला आहे. त्याच्यावर बसून मंडळी अजून देशांना नावे ठेवत असतात. इथपर्यंत ऐकू येते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी विनवणी करायची असते, की आम्हाला पुसा, जपा, फेकू नका. मला त्यातले काही नको. मला भंगारात घातले तरी चालेल. पण कधी तुमच्या शेजारी एखादे म्हातारे माणूस उठायला धडपडताना दिसले, तर तुमच्या हातात काय असेल ते आधी खाली ठेवा आणि त्याला हात द्या. देश नंतर निवडता येतो.