डाव्या तोंडाचा घास

मी मृदंग बोलतोय. दोन तोंडांचा आहे, म्हणून खुशाल दुतोंडी म्हणा. पण माझी दोन्ही तोंडं मिळून एकच खरं बोलतात. माणसांना एका तोंडानेही ते जमत नाही!

जन्म माझा तंजावरचा, फणसाच्या लाकडातला. आयुष्य मात्र गेलं कुंभकोणमला, व्यंकोजीरावांच्या मांडीशी. त्यांचे पूर्वज मराठी राजांच्या काळात इकडे आले. बाहेर पडलं की तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, असं हे घर. माझ्या उजव्या तोंडाला कायमची काळी शाई आहे. डावं मात्र खादाड. वाजवण्याआधी दर वेळी त्याला ओल्या रव्याचा गोळा थापायचा, तेव्हा कुठे ते घुमतं. वाजवून झालं की खरवडून काढायचा.

मग एकदा व्यंकोजीराव तळ्याच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. दीड वर्ष मी खोळीत, कोपऱ्यात. विजयादशमीला कुंकू लागे, बाकी पालींची सोबत. हाड जुळलं, पण त्यांना धीर होईना. १९५५ साली आमच्या गल्लीतल्या कलामहोत्सवात त्यांची मुलगी मंगला पहिल्यांदा नाचणार असं ठरलं. तेव्हा ते बायकोला म्हणाले, "अंबुजा, या वेळीं डावा हात बोलला तर बरं. नाहीं तर हा मृदंग मठांत देऊन टाकतों."

खोळीतून मी सगळं ऐकलं.

महोत्सवाच्या दिवशी संध्याकाळी पाचला आम्ही मांडवात बसलो. अंबुजाबाईंनी दिलेली रव्याची पुडी व्यंकोजीरावांनी सोडली, पाणी घालून मळू लागले. रवा काही केल्या धरेना. तसाच थापला आणि पहिल्याच थापेला सगळा त्यांच्या धोतरावर सांडला. माझ्या तोंडून निघालं नुसतं ठक्क.

"अंबुजा, हा रवा भाजलेला कीं काय?"

"भाजलाच तर! आणल्याबरोबर भाजून ठेवतें मी. किडे होतात नव्हे?" बोलता बोलताच बाईंनी तोंडावर हात नेला. "ऐयो, विठ्ठला!"

गाणारे राजगोपाल तमिळमध्ये समजावू लागले, की मंगलाचं नाव पुकारून झालंय, नुसत्या टाळांवर भागवू. व्यंकोजीरावांनी मला मांडीवरून उतरवलं आणि खोळ ओढली. "होंदे," एवढंच म्हणाले. असू दे, जाऊ दे. त्या शब्दाची मला जितकी भीती वाटली तितकी पालींचीही कधी वाटली नव्हती.

अंबुजाबाई मात्र जागेवर नव्हत्या. ओचा खोचून त्या घराकडे पळाल्या होत्या. परतल्या त्या धापा टाकत, मुठीत कणकेचा गोळा घेऊन.

"पोळ्यांसाठीं भिजवली होती. मामंजी भजनांत पखवाजाला हीच लावत नव्हते?"

राजगोपालांच्या भुवया वर गेल्या. मृदंगाला कणीक! व्यंकोजीरावांनी गोळा हातात घेऊन दाबून पाहिला. तेवढ्यात पायात घुंगरू बांधून उभी असलेली मंगला म्हणाली, "अप्पा, लावा कीं!"

त्यांनी लावली. मला चव अनोळखी, जरा चिकट. हात वर गेला, क्षणभर थांबला आणि पडला.

घुम्म!

काय सांगू, दीड वर्षाचा अडकलेला श्वास सुटला माझा. मंगला नाचली आणि तिच्या प्रत्येक पावलाला मी होकार दिला. मध्ये एकदा मनगटात कळ आली, व्यंकोजीरावांनी दात आवळले, पण ताल सुटला नाही. शेवटची थाप दिल्यावर त्यांनी कपाळ माझ्यावर टेकलं. ओलं होतं. घाम होता म्हणे.

त्या दिवशी घरी दोन पोळ्या कमी पडल्या. कुणी तक्रार केली नाही.

आजही मी त्याच कोपऱ्यात, त्याच खोळीत असतो. पण खोळीला आता गाठ मारत नाहीत, रोज सकाळी सोडायची म्हणून. कधी आमच्या गल्लीत आलात तर जरूर ऐकायला बसा. खाऊ काहीही आणा, चालेल. फक्त माझ्यासाठी रवा आणलात, तर तो अंबुजाबाईंच्या हाती लागू देऊ नका.